बोक्याचा आलेख

बोका, म्हणजे घरातलं बाळ, सात महिन्यांचा होता आणि खाली ठेवला की भोकाड पसरायचा. त्याची आई पदार्थविज्ञानातली संशोधक, त्यामुळे तिने याची रीतसर वही केली.

कामावरही तिचा विषय चिकटपणाचाच. अणूच्या गाभ्यातल्या कणांत क्वार्क नावाचे आणखी बारके कण असतात. त्यांना धरून ठेवणारं बल विचित्र. कितीही लांब ओढा, पकड सैल होत नाही. मात्र अफाट तापवलं की क्वार्क मोकळे होतात. ते कसे, हे ती संगणकावर आकडेमोड करून शोधत होती. आज चारला समिती बसणार होती. त्या आकडेमोडीचा आलेख समितीला पटला तर नोकरी आणखी एक वर्ष, नाहीतर महिनाअखेरीस घरी.

बोक्याच्या वहीत दोन रकाने होते: खोलीतली ऊब, आणि तो किती वेळ एकटा राहतो. गार खोलीत अर्धं मिनिट. हीटर वाढवत नेला तरी तेवढंच. मग एका ठरावीक उबेला तो एकदम सुटायचा. झोपायचा नाही, डोळे टक्क उघडे ठेवून कोपऱ्याकडे बघत पडायचा, अगदी गप्प. सासूबाई दारातूनच मागे फिरायच्या. रडलेलं परवडलं, हे असलं गप्प नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

एक वाजता तिच्या सरांचा फोन आला. सकाळी तिने पाठवलेला कच्चा आलेख अप्रतिम आहे, सुटण्याचा क्षण इतका स्वच्छ त्यांनी कधी पाहिला नव्हता, समितीला पाठवूनही दिला होता. तिने पाठवलेली फाईल उघडली. तो बोका होता. हाताच्या सवयीने तिने त्याच्याही आकड्यांतले अंश आणि मिनिटं काढून टाकली होती, आणि सुटण्याच्या उबेला एक धरलं होतं. क्वार्कच्या बाबतीत करतात तसंच, त्यामुळे आलेख कशाचा हे ओळखूच येत नव्हतं.

"सर, तो आलेख माझ्या मुलाचा आहे."

सरांनी विचारलं, "कुठल्या संस्थेत असतो तो?"

"पाळण्यात, सर."

साडेतीनच्या आत खरा आलेख पाठवा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

संगणकाची शेवटची आकडेमोड तीनला संपली. तिने क्वार्कची रेघ निळी काढली, ताडून बघायला बोक्याची लाल. लाल उमटलीच नाही. तिने पुन्हा काढली. मग निळी पुसून पाहिली, तर लाल तिच्याखालीच होती, तंतोतंत. आतल्या खोलीत बोका चकार शब्द काढत नव्हता.

चूक कबूल करून तिने खरा आलेख पाठवला. पावणेपाचला सरांनी कळवलं, वर्ष मंजूर. चूक कोणाला दिसलीच नाही. एकच आलेख दोनदा पाठवू नका, एवढं अध्यक्ष म्हणाले. अट एकच, सोमवारपासून घरून काम बंद.

मग बोक्याला सोडून राहायचा सराव हवा म्हणून तिने हीटर चालू ठेवला, स्वेटर घातला, पर्स घेतली आणि बोक्याला सासूबाईंवर सोपवून बाहेर पडली. रस्ता मोकळा होता. कोपऱ्यापर्यंत गेली, आणि धापा टाकत परत आली. बोका तसाच होता, टक्क, शांत. दाराबाहेर सासूबाई वहीत तिसरा रकाना आखत होत्या.

"काय लिहिताय, आई?"

"तुझा एकटं राहण्याचा वेळ. चार मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "तेही अंगात स्वेटर असून."