इस्त्रीचे पेपर

अब्बासभाई पेपरला इस्त्री करून मगच वाचत. हा पेपर दुबईत विकत मिळणारा नव्हे. रत्नागिरीहून कुणी आलं की सुके बोंबील, आंबापोळी, कुळथाचं पीठ ज्यात बांधून येई, तो चुरगळलेला, तेलकट, दहा-बारा दिवस जुना मराठी पेपर. अल क्वोजमधल्या आमच्या गोदामात मी क्लार्क आणि ते स्टोअर सुपरवायझर. शनिवारी सकाळी ऑफिसात बोंबलाचा वास भरला की समजायचं, इस्त्री तापली.

बातम्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. सरकारं आली, गेली, भाईंना पत्ता नाही. ते शोधायचे नगरपरिषदेच्या लिलावाच्या नोटिसा. घरपट्टी थकली की घर जप्त होतं आणि लिलावात निघतं, हे मी चिपळूणचा असून मला ठाऊक नव्हतं. भाईंना कलमांसकट पाठ होतं. रत्नागिरीत त्यांचा मेहुणा होता, तो त्यांच्या वतीने बोली लावायचा.

"सावंत, सस्ता म्हणून उडी नाय मारायची," ते सांगत. "आधी बोजा बघा."

हा त्यांचा मंत्र. घरावर बँकेचं कर्ज आहे का, भावाभावांचा दावा आहे का, लाइटबिल किती थकलंय, सगळं 'बोजा' या एका शब्दात. पुढे पुढे तो शब्द घराबाहेर पडला. मी जुनी करोला घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी बोजा विचारला. ऑफिसातल्या पोराचं लग्न ठरलं, त्याला बाजूला घेऊन बोजा विचारला. माझी लेक त्यांना 'अंकल बोजा' म्हणायची. त्यांनी मराठीत काही विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि भाई न समजता खूश व्हायचे.

एवढी हुशारी असून त्यांच्या पदरी काय पडलं? लिलावात एकदा एक घर मिळालं, तर आत एक म्हातारी. मूळ मालकाची आत्या. कायद्याने तिला बाहेर काढता आलं असतं. भाईंनी तिचं छप्पर शाकारून दिलं, वर नवी कौलं घातली आणि भाडं मागायचं विसरून गेले. मी हसलो तर म्हणाले, "घर घेतलं तर घरातलं माणूस पण घेतलं ना. जबाबदारी आहे." असला गुंतवणूकदार मी आखाती देशांत दुसरा पाहिला नाही आणि हे मी तेव्हा चेष्टेने म्हणायचो.

मग बंदराजवळचं ते घर निघालं. दोन खोल्या, पडवी, समोर समुद्र. भाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. म्हातारीचं घर ते स्वतःचं धरतच नसत, परत जाऊन राहायला दुसरं छप्पर नव्हतं, त्यामुळे या नोटिशीवर त्यांनी दोनदा इस्त्री फिरवली. पैसे कमी पडत होते. नऊ हजार दिरहम, म्हणजे लाखभर रुपये. ते मी घातले आणि निम्म्यात भागीदार झालो. बायकोला मी समुद्र विकून टाकला होता म्हणा ना. मेहुण्याने बोली जिंकली, पाव रक्कम जागेवर भरली. आता तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात मूळ मालकाने थकबाकी आणि आमच्या बोलीवर पाच टक्के भरले तर लिलाव रद्द, नाहीतर घर आमचं.

अठराव्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. शेजारी सांगत होते की नोटिशीतला मालक रज्जाक इकडेच आहे, दीड तासावर अल ऐनला एका शाळेत ड्रायव्हर. भाईंनी फोन ठेवला आणि म्हणाले, शुक्रवारी गाडी काढा.

मी तडकलो. सरळ म्हटलं, भाई, आपण चोरी केलेली नाही, सगळं कायद्याने झालंय, अजून बारा दिवस गप्प बसा. शुक्रवारी नमाज झाल्यावर ते माझ्या दाराशी उभे राहिले. "यल्ला, चला." मी रागारागाने गाडी काढली. अल ऐनपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

रज्जाक चाळिशीचा, साधा माणूस. आम्हाला बघून त्याने आधी चहा टाकला. मग नोटीस वाचली आणि खाली बसला. तो म्हणत राहिला की घरपट्टीचे पैसे मी दर वर्षी भावाकडे पाठवतो. आमच्या सगळ्यांचं असंच. इथून पैसे जातात, तिकडे भाऊ असतो, आणि पावती बघायची लाज वाटते.

"पण मला कुणी कळवलं कसं नाही?" त्याने विचारलं.

"नोटीस दाराला चिकटवली होती," भाई म्हणाले. "दार बंद. वाचणार कोण? माझ्या पण दाराला चिकटवली होती."

मी त्यांच्याकडे बघितलं. सात वर्षं एका टेबलावर जेवलो, हे मला ठाऊक नव्हतं.

"ज्याने घेतलं तो आदमी वाईट नव्हता," ते रज्जाकला म्हणाले. "त्याला फक्त माझा पत्ता माहीत नव्हता. तुझा मला मिळाला. दहा दिवस आहेत. भर आणि खलास कर."

रज्जाकने उसनवारी करून पैसे भरले. लिलाव रद्द झाला, आमची रक्कम पाच टक्क्यांसह परत आली. समुद्र गेला.

पण त्या दिवशी परतताना वाटेत मीच बोललो. विचारलं, भाई, तुमचं घर गेलं ते तुम्हाला कधी कळलं? त्यांनी पाकिटातून एक कात्रण काढलं. पिवळं पडलेलं, घडीवर विरलेलं, पण एक सुरकुती नाही.

"बहिणीने आंबापोळी पाठवली होती, ह्याच्यात बांधून. तिला वाचता येत नाही. मी मजेत खाल्ली. आठवडाभर कागद तसाच पडला होता. मग सहज बघितला, तर माझं नाव. लिलावाला तीस दिवस होऊन वर दोन झाले होते."

मला फार अभिमान वाटला त्यांचा. तसं मी त्यांना म्हणालोही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाडी बघून चालव."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी मी लवकर ऑफिसात गेलो आणि इस्त्री लावली.