परब सरांची रोजची चूक

परब सर रोज फळ्यावर एक चूक करायचे, आणि ती ठरवून करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी 'मुंगीला आठ पाय असतात' असं लिहिलं. वर्गाने निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. सर म्हणाले, "अक्षर झकास आहे रे मेल्यांनो. आता घरी जाऊन मुंगी पकडा आणि उरलेले दोन पाय कुठे ठेवलेस, ते तिलाच विचारा."

अंधेरीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, ते विज्ञान. चूक पकडणाऱ्याला सर शाबासकी देत नसत. "कशावरून?" एवढंच विचारत, त्याच्या हातात खडू देत आणि स्वतः त्याच्या जागी बाकावर जाऊन बसत. मग त्या पोराने सिद्ध करून दाखवायचं. हे 'कशावरून' स्टाफरूममध्येही आम्हाला सोडत नसे. "चहा गार झालाय" म्हटलं तरी "कशावरून?" अहो, पिऊन बघा ना!

पालक वैतागले. सर गाइडातली उत्तरं लिहून देत नाहीत, पोरांची वाट लागणार, अशी तक्रार थेट शिक्षण खात्यात गेली. मुख्याध्यापकांनी बजावलं, "परब, उद्या इन्स्पेक्शन आहे. साहेबांसमोर तुमची नाटकं नकोत. तक्रार खरी निघाली तर नववी-दहावी काढून घेईन. मग बसा पाचवीला चित्रकला शिकवत." सरांचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी नववीत मागच्या बाकावर इन्स्पेक्टरसाहेब, शेजारी मुख्याध्यापक, आणि मला ऑफ पिरियड होता म्हणून दारात मी. सरांनी लिहिलं, 'नदीतून समुद्रात शिरलेली होडी पाण्यात आणखी खाली बसते.'

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली वैशाली उठली. "सर, चूक!"

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. सर क्षणभर फळ्याकडे बघतच राहिले. मग हळूच "कशावरून?" म्हणाले आणि सवयीने तिच्या जागेवर जाऊन बसले.

"खारं पाणी जड असतं, ते जास्त उचलतं."

"कशावरून?" हे मागून आलं. विचारणारे साक्षात इन्स्पेक्टरसाहेब!

मग काय विचारता! कुणाच्या डब्यातून उकडलेलं अंडं आलं. साध्या पाण्यात ते तळाला गेलं. मीठ मिळालं फाटकाबाहेरच्या कैरीवालीकडून, तेही तिखट मिसळलेलं. पाणी लालभडक झालं, साहेबांना शिंकांवर शिंका आल्या, पण अंडं डुलत डुलत वर आलं. वर्ग टाळ्या पिटत असतानाच एक पोरगा उठला, "पण हे मिठाने वर आलं की तिखटाने? कशावरून?"

साहेबांनी बाकावर थाप मारली. डोळे पुसत मुख्याध्यापकांना म्हणाले, "नववी-दहावी यांच्याकडेच राहू द्या. आणि तुम्हीही यांच्या तासाला येऊन बसत जा."

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी म्हटलं, "सर, आजची चूक फर्मास होती हं."

"बाई, आजची केली नव्हती. झाली होती. डोक्यात पाचवीची चित्रकलाच घोळत होती." सरांनी कप खाली ठेवला. "हे वर्ग गेले असते तर मला 'कशावरून' विचारायला कुणी उरलं नसतं. घरी आमची ही विचारायची. शाळेत उशीर झाला म्हटलं, की लगेच 'कशावरून?' शब्द तिचाच. ती गेल्यापासून घरात मी काय वाट्टेल ते बोललो तरी कुणी चूक म्हणत नाही."

मला भरून आलं. ते बघून सर घाईघाईने म्हणाले, "तसा मजेत आहे हो मी."

"कशावरून?" मी विचारलं.

सर दचकले, मग खुदकन हसले आणि त्यांनी समोरच्या नववीच्या वर्गाकडे बोट दाखवलं. आत डबे तसेच ठेवून मीठवाले आणि तिखटवाले अजून कडाकडा भांडत होते.