चिंचमाळच्या एकतीस कोनशिला

राजपाल भाकरीचा दुसरा घास मोडत होता, तेवढ्यात तलाठी बब्रुवान भाऊसाहेबांचा फोन आला.

"राजपाल, झेडपीची आचारसंहिता लागली. गावात जिथं जिथं पुढाऱ्याचं नाव दिसतंय ते झाकून टाक. चारला भरारी पथक येतंय. एक नाव जरी उघडं सापडलं तर कारणे दाखवा नोटीस निघंल, अन् ती तुझ्या नावानं निघंल."

"माझ्याच नावानं का, भाऊसायेब?"

"मी वर हाय, तू खाली. नोटीस खालनं सुरू होती."

राजपाल चिंचमाळचा कोतवाल. तामलवाडीच्या फाट्यावरून आत वळलं की सहा किलोमीटरवर हे गाव. सरकारनं मध्यंतरी कोतवालाचं नाव बदलून महसूल सेवक केलं, पण काम तेच राहिल्यामुळे गावानं ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. राजपालच्या बावीस वर्षांच्या नोकरीत सहा तलाठी आले आणि गेले, अकरा तहसीलदार बदलले, आणि त्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी नोटीस मिळाली. राजपालला एकही नाही. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. नोटिशीविना निवृत्त व्हायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यानं आयुष्यात बाळगली होती.

अडचण अशी, की अकराशे वस्तीच्या चिंचमाळात एकतीस कोनशिला होत्या. बसथांब्याची कोनशिला होती, बस येत नव्हती. व्यायामशाळेची होती, तिच्या आडोशाला दोन शेळ्या बांधलेल्या असत. ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन चार वेळा झालं होतं, त्यामुळे काठावर चार कोनशिला ओळीनं उभ्या होत्या आणि लोक त्यांच्या शेजारून पाण्यात उतरत. बहुतेक दगडांवर साहेबांचं नाव होतं. साहेब म्हणजे या गटाचे जुने सदस्य. ते दर निवडणुकीला पक्ष बदलत, पण नाव तेच ठेवत, त्यामुळे दगड कोरणाऱ्याला सोपं जाई. गावालाही या दगडांचं कौतुक होतं, कारण शेजारच्या गावात फक्त नऊ होते.

राजपालच्या बायकोनं, क्षमानं, पिठाची खळ शिजवून दिली. बादली घेऊन तो महांतप्पांच्या किराणा दुकानात गेला.

"आप्पा, रद्दी पायजे. सरकारी काम हाय."

महांतप्पांनी आतून गठ्ठा आणला आणि सवयीप्रमाणं कन्नडमधून मोजायला सुरुवात केली, "ओंदु, येरडु, मूरु..." साठएक पानं भरली. सगळी जाड, रंगीत. गुळाला शाई लागते म्हणून महांतप्पा रंगीत पानात पुडी बांधत नसत. साधी पानं संपून जायची आणि रंगीत मागं उरायची. राजपालला ते बरंच वाटलं. सरकारी काम जरा देखणं दिसलं तर वाईट काय?

बारा वाजेपर्यंत त्यानं एकतीसच्या एकतीस कोनशिला झाकल्या, फोटो काढले, कार्यालयाच्या ग्रुपवर टाकले आणि ओट्यावर पाय पसरून चहा घेतला. कप खाली ठेवायच्या आत फोन वाजला.

"राजपाल, तुला नावं झाकायला सांगितलं होतं का सायबांचा प्रचार करायला?"

राजपालनं फोटो मोठे करून बघितले. ती सगळी साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींची पानं होती. आधी दगडावर साहेबांचं नाव बोटभर होतं, आता तिथं हातभर साहेब हात जोडून हसत होते. स्मशानभूमीच्या शेडवर तर त्यांच्या फोटोखाली 'आम्ही तुमची वाट पाहत आहोत' असं ठळक छापलेलं होतं.

"उलटी करून चिकटवू का?" राजपालनं विचारलं.

"उलट्या बाजूला कोण हाय?"

राजपालनं उरलेलं एक पान उलटून बघितलं. "सायबांच्या मंडळी हायत. महिला आरक्षणातल्या."

"फाड ते समदं. कापड लाव."

"त्यापरीस काळा रंगच फासतो की."

"खुळा का काय तू? पुसायचं न्हाय, रंगवायचं न्हाय. निवडणूक झाली की जसंच्या तसं उघडं करून द्यायचंय."

सगळी पानं फाडून राजपाल कापड गोळा करायला दारोदार निघाला. चिंचमाळच्या लोकांनी कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही. कुणी पिशव्या दिल्या, कुणी उपरणी, कुणी छत्री उसवून दिली, कुणी कडब्याच्या गंजीवरचा फ्लेक्स ओढून काढला. व्यायामशाळेजवळ सगळा ढीग पसरून राजपाल एकेक उलटून बघू लागला. पिशव्यांवर एक पुढारी हसत होता, छत्रीवर दुसरा. उपरण्यांवर तीन पक्षांची चिन्हं होती आणि फ्लेक्सवर अख्खं मंत्रिमंडळ शेणाच्या डागांसकट उभं होतं. गावात पांघरायला, भरायला, डोक्यावर धरायला जे जे कापड होतं, ते ते कुणा ना कुणाच्या कृपेनं आलेलं निघालं. आणि तीन वाजायला आले होते.

तो धावत घरी आला आणि ट्रंक उघडली. तळाशी त्याच्या आईची, बनाबाईची, पांढरीशुभ्र साडी घडी घालून ठेवलेली होती. तिच्यावर कुणाचा चेहरा नव्हता, चिन्ह नव्हतं.

"त्याला हात लावू नको," बनाबाई दारातूनच म्हणाली.

"माय, फकस्त दीड महिना. माझ्या नोकरीचा सवाल हाय."

"दर इलेक्शनला बायकांस्नी साड्या वाटल्या, म्या एक बी घेतली न्हाय. ही माझ्या खुरप्याची हाय, बाबा. बुद्धपौर्णिमेला नेसती मी ही. असल्यांच्या नावावर पांघराया न्हाय घेतली."

राजपालनं ट्रंक मिटली. नोकरी जात असली तरी ती साडी मागायची आता त्याची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला आईचा अभिमानच वाटला. पण त्यामुळे कोनशिला झाकल्या जाणार नव्हत्या.

बनाबाई त्याच्या समोर बसली. "मला सांग, भुईला भेगा पडल्या तर आपुन काय लावतो?"

"शेण."

"त्याच्यावर कुणाचा फोटू असतो का?"

राजपाल आईकडे बघतच राहिला. शेणाला पक्ष नव्हता, चिन्ह नव्हतं. ते पाण्यानं धुता येत होतं, आणि गावात त्याचा तुटवडाही नव्हता.

बनाबाईनं शेणात पांढरी माती कालवली. दीड महिना उन्हात टिकायला पाहिजे, अर्धवट काम तिला खपत नसे. ती स्वतः पहिल्या कोनशिलेला भिडली. ते बघून क्षमा आली, महांतप्पांच्या गंगम्मा म्हशीच्या शेणाच्या दोन पाट्या घेऊन आल्या, आणि बघता बघता गल्लीतल्या सगळ्या बायका पदर खोचून बाहेर पडल्या. सरकारच्या कुठल्याही योजनेला चिंचमाळात एवढा लोकसहभाग मिळाला नव्हता. पुलाच्या चार दगडांसाठी तर चढाओढ लागली. गंगम्मांनी त्यातल्या एकावर दोन हात दिले.

"एक हात पुरे की वो, काकू," राजपाल म्हणाला.

"असू दे. ह्याच ओढ्यात माझा पाय मोडला हुता," त्या म्हणाल्या आणि तिसरा हात दिला.

बरोबर चारला पथकाची गाडी आली. नायब तहसीलदार राजेश्वरी मॅडम उतरल्या. वयानं तरुण, चष्मा लावलेल्या, कडक म्हणून तालुक्यात ख्याती. त्या पहिल्या कोनशिलेपुढं थांबल्या आणि नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे?"

"शेण, मॅडम," राजपाल पुटपुटला.

"लोकप्रतिनिधींच्या नावाला शेण फासलंय तुम्ही. उद्या तक्रार झाली तर?"

राजपालला बावीस वर्षं डोळ्यांपुढं विरघळताना दिसू लागली. तेवढ्यात बनाबाई पुढं आली. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते.

"मॅडम, आमी आमच्या घरात भुईला जे लावतो तेच लावलंय. आमच्या घराला चालतं, मग त्यांच्या नावाला का चालू न्हाई?"

मॅडमनी पिशवीतून आदेशाचा कागद काढला आणि वाचला. कागद, कापड अथवा अन्य योग्य साहित्य, असं त्यात लिहिलेलं होतं. मग त्या एकतीसही दगड पायी फिरल्या. प्रत्येक ठिकाणी त्या आधी दगड बघत आणि मग त्यामागं काही बांधलंय का ते बघत. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, 'कोनशिला एकतीस, सर्व झाकलेल्या. साहित्य योग्य.' राजपालनं त्या दिवशी रात्री पोटभर जेवण केलं.

निवडणूक झाली. साहेब चौथ्या पक्षातून निवडून आले. मधल्या काळात शेण उन्हात वाळून दगडाहून टणक झालं होतं. मग साहेबांच्या स्वीय सहायकाचा तहसीलला फोन आला, की साहेब आभार मानायला चिंचमाळात येणार आहेत, तेव्हा नावं उघडी असावीत. मॅडमचा निरोप तलाठ्याला, तलाठ्याचा राजपालला.

"धुतो की, भाऊसायेब," राजपाल म्हणाला. "पाणी तेवढं पाठवा. हीर आटली. बाया दोन किलोमीटरवरनं एकेक हंडा आणत्यात. त्यातनं कोनशिला कशी भिजवू?"

चिंचमाळचा टँकरचा प्रस्ताव दोन वर्षं पंचायत समितीत पडून होता. त्यावर कधी सही नसे, कधी सही असली तर शिक्का नसे. पण आता प्रश्न साहेबांच्या नावाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टँकर गावात हजर झाला. चालकाच्या पावतीवर लिहिलं होतं, 'प्रयोजन : नामफलक धुणे.'

राजपालनं पाईप हातात घेतला आणि पहिल्या कोनशिलेपुढं उभा राहिला. मागं बायका जमल्या. कुणी काही मागितलं नाही. बनाबाईनं फक्त रिकामा हंडा आणून दगडाच्या पायाशी ठेवला आणि बाजूला झाली.

राजपालनं दगडाकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं. नावं धुतली नाहीत तर नोटीस नक्की होती. बावीस वर्षांचा कोरा कागद त्यानं क्षणभर मनात उलटून पाहिला. मग त्यानं पाईप हंड्यात सोडला.

"वळीनं या," तो म्हणाला. "गडबड करू नका."

अर्ध्या तासात टँकर रिकामा झाला. कोनशिलांना थेंब लागला नाही. साहेब आले, आपलं नाव कुठंच दिसेना म्हणून दोन मिनिटांत भाषण उरकून निघून गेले. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. 'शासकीय पाणी पुरवूनही नामफलक का धुतले नाहीत, याची कारणे दाखवा.'

राजपालनं ती महांतप्पांच्या दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही. मग तिथल्याच फळीवर कागद ठेवून त्यानं उत्तर लिहिलं आणि फाट्यावरून एसटीनं तालुक्याला, तुळजापूरला जाऊन मॅडमच्या टेबलावर स्वतः ठेवलं. त्यात एकच ओळ होती : 'गावाला तहान लागली होती.'

मॅडमनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कारण फायलीत चालणार नाही, हिशेब सांगा," त्या म्हणाल्या. "एक कोनशिला नीट धुवायला किती पाणी लागेल?"

राजपालला जरा वेळानं उमगलं. तो ताठ उभा राहिला. "एका दगडाला एक टँकर, मॅडम. लई वाळलंय."

"आणि दगड किती आहेत?"

"एकतीस."

"रोज एकच धुवायचा. घाई केली तर अक्षरं खराब होतील," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रोज एका टँकरच्या मंजुरीवर सही केली, शिक्काही मारला.

संध्याकाळी राजपालनं घरी येऊन सगळं सांगितलं. आयुष्यातली पहिली नोटीस त्यानं घडी न मोडता ट्रंकेत ठेवली. क्षमा हसत होती. बनाबाई मात्र बोटांवर काहीतरी मोजत बसली होती. पाऊस पडायला अजून पंचेचाळीस दिवस होते.

"राजपाल," ती म्हणाली, "सायबाला सांगून आनखी चौदा दगड बसवून घेता येतील का रं?"