बेरीज न करणारे मानद फेलो

आमचे शामकाका बेरीज करत नसत. साधी, दोन ओळींचीसुद्धा नाही. रोज किती पापड लाटले ते काकू भिंतीवर खडूनं लिहून ठेवायची. सगळे मिळून किती झाले असं तिनं विचारलं, की काका टोपी चढवत, ते आकडे कागदावर उतरवून घेत आणि एसटी स्टँडजवळच्या किसनकाकांच्या सायकल दुकानाकडे निघत. किसनकाका पंक्चर काढता काढता बेरीज सांगत, शामकाका मान डोलावून ती ऐकत, चहा पीत आणि दिवेलागणीला घरी येऊन पापडांचा आकडा जाहीर करत. तोवर त्यातले निम्मे पापड आम्ही तळून खाल्लेले असत.

हे दुसऱ्या कुणाचं चाललं असतं तर जानेफळात कुणी वर मान करून पाहिलं नसतं. पण शामकाका मुंबईच्या एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर चालवून निवृत्त झालेले. महाराष्ट्र राज्य नवं होतं त्या काळात ते यंत्र कचेरीत आलं, आणि खोलीएवढ्या त्या धुडाला कामाला जुंपणारा पहिला माणूस आमच्या गावचा. काका गावी परतले आणि पाठोपाठ कॉम्प्युटरवाल्यांच्या एका संस्थेनं त्यांना मानद फेलो करून घेतलं.

मानद फेलो म्हणजे काय हे गावाला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. मी इथल्या शाळेत मास्तर, त्यात काकांचा पुतण्या, म्हणून जो तो मलाच धरायचा.

"पगार किती भेटते?"

"पगार नसतो."

"मंग काम काय?"

"कामही नसतं."

"मंग तो मेंबर कायचा झाला, मास्तर?"

शेवटी सरपंचांनीच उलगडा केला. हे आपल्या देवळाच्या कमिटीसारखं आहे, ते म्हणाले, नाव पाटीवर आणि माणूस घरी. गावाला ते पटलं.

काकांना काही विचारावं तर ते चपलांकडे बघत म्हणत, "सोड बे, शरमेची गोष्ट आहे." हे त्यांचं पालुपद. संस्थेनं पाठवलेली चौकट त्यांनी ज्वारीच्या कणगीमागे सारली. संस्थेचा रेशमी टाय मच्छरदाणीच्या कोपऱ्याला बांधला, कारण तिथली नाडी तुटली होती. गाव म्हणे, काय हा विनय! मीही तेच म्हणत होतो. थोर माणसं अशीच असतात म्हणून वर्गात पोरांना त्यांचं उदाहरण देत होतो.

माझ्या बहिणीच्या लग्नात पत्रावळी मागवायचं काम काकांनी हट्टानं अंगावर घेतलं. म्हणजे अर्थात किसनकाकांच्या गळ्यात घातलं. किसनकाकांची नजर तोवर अधू झालेली. मेहकरकडचे सगळे पाहुणे त्यांच्या बेरजेतून गळाले. शेवटच्या पंगतीला पत्रावळी संपल्या आणि वरपक्षाची मंडळी परातींभोवती कोंडाळं करून जेवली. वरबापाचा चेहरा त्या दिवशी जो उतरला तो अजून जागेवर आलेला नाही.

माझे वडील काकांवर उखडले. "तुले चूक दिसली नव्हती काय?"

"दिसली होती."

"मंग बोलला काऊन नाही?"

"किसननं केलती बेरीज," काका म्हणाले. "त्याले कसं म्हणू, चुकला म्हणून?"

वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे आम्ही शाळेत काकांचा सत्कार ठरवला. काका तयारच होईनात. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, "किसन येत असंन तं येतो." किसनकाका आले. धुतलेला सदरा घालून पुढच्याच रांगेत बसले.

अध्यक्षांनी भाषणात काकांना आभाळाला नेऊन टेकवलं. "हॉलभर कारकून जे काम दिवसभर करत, ते शामरावांचं यंत्र चहा निवायच्या आत करत असे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ पुढे आलं. काकांनी हात पुढे केले नाहीत.

"तो हॉलभर कारकून म्हणून राह्यले ना तुम्ही," काका म्हणाले, "त्याच्यात हा किसन होता. मीच नेलता त्याले मुंबईले, बेरजा कराले. मंग यंत्र आलं. कोणाले काढाचं, साहेबानं मले इचारलं. किसनले ठेवलं असतं तं लोक म्हणले असते, गाववाला ठेवला. मले बोल नको म्हणून पयलं नाव मी याचंच सांगतलं. याले वाटते साहेबानं काढलं. अन् तुम्ही त्याच्यासाठी मले शाल देऊन राह्यले."

चौकट कणगीमागे का गेली आणि पापडांची बेरीज सायकल दुकानात का जायची, ते मला तेव्हा कळलं. ज्याला मी विनय म्हणून मिरवत होतो ती माणसाची निव्वळ शरम होती. मला वर बघवेना.

किसनकाका उठले. "मले माहीत हाय, शाम्या. साहेबानं त्याच दिवशी सांगतलं होतं, तुह्या दोस्तानंच तुह्यं नाव देलं म्हणून."

काका मंचाच्या कडेला आले. "मंग येवढे दिवस माह्या बेरजा कायले करून देल्या?"

"पयले लय राग होता. तू पयल्यांदा दुकानावर आला तं हाकलून द्यावं वाटलं. पण माह्याजोळ येऊन बसणारं गावात होतं कोण? मुंबईतून काढून देलेला माणूस मी. लोक पंक्चर काढून घेत अन् चालले जात." किसनकाकांनी डोळे पुसले. "माहीत हाय म्हटलं असतं, तं तू शरमेनं दुसऱ्या दिवशी आला नसता."

काकांनी शाल घेतली नाही. ते मंचावरून उतरले, आणि किसनकाकांशेजारी खुर्ची रिकामी नव्हती म्हणून तिथंच खाली सतरंजीवर बसले. किसनकाकाही खुर्ची सोडून खाली बसले. अध्यक्ष हातात नारळ धरून उभेच होते. दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"उद्या येजो," किसनकाका म्हणाले. "काही काम नसलं तरी येजो."