जीपची उष्णता

"उष्णता हाय हिला," जीपच्या बॉनेटवर तळवा टेकवून काशम्माआत्तींनी निदान केले. "अंगात मुरल्याली."

वैशाखातल्या सकाळचे नऊ वाजले होते आणि वळसंगच्या अलीकडे, एका कडुलिंबाच्या विरळ सावलीत, जीप धापा टाकीत उभी होती. लष्कराने मोडीत काढलेली ही जीप गुरुबसप्पांनी लिलावात घेतली होती, ती एकाच हेतूने. त्यांच्या शंकरप्पाला आजवर चार मुलींकडून नकार आला होता. मुलात खोट म्हणाल तर नव्हती. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या त्यांच्या दुकानात चादरीची घडी त्याच्याइतक्या मायेने कोणी घालीत नसे. पण मुलगी पाहायला गेला, की तो पुढ्यातल्या सुसल्याच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशीकडे अशा काही उदास एकाग्रतेने बघत बसे, की यजमानांना वाटावे, आपल्या घरात नुकतेच काहीतरी वाईट घडले आहे. चौथ्या मुलीच्या बापाने तर सरळच विचारले होते, "पोराला वाचा हाय न्हवं?" त्यावर गुरुबसप्पांनी ठरवले, की पाचव्या दारात मुलाच्या वतीने जीप बोलेल. आणि तीही बोलली नाही, तर सहावे दार शोधायचे नाही.

शंकरप्पाला सहावे दार नकोच होते. या पाचव्या मुलीचा, महानंदेचा, फोटो त्याने आठ दिवस वहीत जपला होता. फोटोत ती हसू दाबते आहे असे वाटे, आणि इतके जवळचे हसू आपल्या वाट्याला यावे, या कल्पनेनेच त्याला रात्र रात्र झोप येत नसे.

निघताना मिस्त्रीने उकळून गाळलेल्या पाण्याचा एक डबा दिला होता. "रेडिएटर में इतनाच डालना, साब. विहीर का खारा पानी नक्को, दुसरा तो कुछ बी नक्को." तो डबा आत्तींनी पहिल्याच थांब्यावर पाय धुवायला वापरला. आता उरली होती ती मांडीवरची ताकाची कळशी. मीठ, जिरे, कोथिंबीर घातलेली.

"अक्का, मिस्त्री साधं पाणीच घाला म्हणाला होता," गुरुबसप्पा थोरल्या बहिणीला चाचरत म्हणाले.

"मिस्त्रीला काय कळतंय? मागल्या उन्हाळ्यात तुला गळवं आली, ती पाण्यानं गेली व्हय रे, गुरुबसू?"

गळवांचा विषय निघाल्यावर गुरुबसप्पांनी फडक्याने स्वतःच रेडिएटरचे झाकण उघडून दिले. शंकरप्पाने मात्र जीप आली त्या दिवसापासून तिचे जुने माहितीपुस्तक दोनदा वाचले होते. 'आत्ती, गरम इंजिनात ताक फाटंल' हे वाक्य त्याच्या छातीत तयार झाले, गळ्यापर्यंत आले, ओठांशी क्षणभर घुटमळले आणि नेहमीप्रमाणे आल्या वाटेने परत गेले. तोवर अर्धी कळशी रेडिएटरात रिकामी झाली होती.

दोन मैलांवर ताक फाटले. त्याच्या गुठळ्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसल्या, पाणी फिरेनासे झाले आणि झाकणाखालून वाफेची शिट्टी वाजू लागली.

"बगा, उष्णता निघाय लागली!" आत्ती हर्षभरित झाल्या आणि उरलेली अर्धी कळशीही त्यांनी ओतली.

मग फट् असा एक आवाज झाला. जीप लंगडू लागली. सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर निघाला आणि त्या धुराला कढीचा अस्सल, खमंग वास होता. पहिल्या वस्तीवर एक कुत्रे मागे लागले, दुसऱ्या वस्तीवर चार. गावच्या वेशीपाशी जीपने शेवटचा सुस्कारा सोडला, तेव्हा मागे नऊ कुत्री आणि एक म्हातारा होता. म्हातारा विचारत होता, "पंगत कुटं हाय?"

अखेर बिरदेव नावाच्या गाडीवानाने जीपला बैल जोडले. हॉर्न तेवढा शाबूत होता. तो गुरुबसप्पांनी बैलांच्या मागे बसून, मान ताठ ठेवून, मुलीच्या दारापर्यंत अखंड वाजवला.

मुलीचे वडील, सिद्धलिंगप्पा, विहिरीवर तेलाचे इंजिन चालवणारे गृहस्थ. काशम्माआत्ती आत बायकांत गेल्या आणि इकडे सिद्धलिंगप्पांनी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी उपसली. पट्टीवर पिवळसर पांढरा, मऊ लगदा थबथबला होता.

"हे काय हो, पाव्हणं?"

"लोणी!" आत्ती आतून धावत आल्या. "आत घुसळलं की ताक! म्हशीचं हुतं."

शेजारच्या बायका लोणी बघायला गोळा झाल्या. एकीने तर वाटीही आणली. गुरुबसप्पा बैलांच्या शिंगांकडे पाहू लागले. सिद्धलिंगप्पांनी पट्टी शंकरप्पापुढे धरली. "तुमी सांगा."

शंकरप्पाने माणसांकडे पाहिलेच नाही. तो इंजिनाकडे बघत बोलला, म्हणून शब्द आले.

"हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाचे दोन भाग जुळत्यात, त्यांच्या मदी पातळ पत्रा असतो. एका वाटंनं पाणी जातंय, एका वाटंनं तेल. दोगांची गाठ पडू न देणं, एवडंच त्याचं काम. गाडी लई तापली की तो जळतो, आन् मग ही दोगं अशी मिसळत्यात." मग तो अगदी हळू म्हणाला, "जळूस्तवर कुणाला त्याची आठवणबी हुत न्हाय."

सुसल्याची बशी घेऊन महानंदा दारात कधी आली होती, कोणालाच कळले नव्हते.

"पन ताक कुणी वतलं?" तिने विचारले.

आत्तींनी पदर सारखा केला.

"मी," शंकरप्पा म्हणाला.

"खोटं! आत्तींनी आत आल्या आल्या आमच्या अव्वाला सांगितलंय. किती ताक, किती जिरं, समदं." तिचे ओठ फोटोतल्यासारखे दाबलेले होते. "मला ताप आला तर काय वतणार, ते सांगा."

शंकरप्पाने मान वर केली. वाक्य छातीतून निघाले आणि या खेपेला कुठेच थांबले नाही. "काय बी न्हाय. पयलं आत्तीला तिच्या गावाला सोडून येईन."

महानंदेच्या हातातली बशी कलंडली. ती इतकी हसली, की सुसला अंगणभर सांडला आणि नऊच्या नऊ कुत्र्यांची सोय झाली. हसत हसतच तिने वडिलांकडे बघून होकारार्थी मान हलवली.

"कशात सोडशील रे, शंकऱ्या?" आत्ती कडाडल्या. "गाडी मेलीय की तुजी!"

"त्येची काळजी करू नगा," सिद्धलिंगप्पा तेलाची पट्टी धोतराला पुसत म्हणाले, "आमचे बैल हायती की. काय, व्याही?"

तो शब्द ऐकताच गुरुबसप्पा जीपकडे धावले आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.