मागची म्हणजे कुठली?

"रविवारी दुपारी चार वाजता गाडी फाटकातून बाहेर पडणार म्हणजे पडणार!"

उस्तादांनी ही घोषणा न्हाव्याच्या खुर्चीत बसून, दोन्ही गालांना साबण लावलेल्या अवस्थेत केली. न्हाव्याने वस्तरा चटकन मागे घेतला. घोषणा करताना उस्ताद मानही हलवतात आणि हातही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"आणि अशी चालेल, अशी चालेल की बॉनेटवर भरलेला कप ठेवा! बशीत थेंब सांडला तर माझं नाव बदला!"

"तुमचं नाव ठाऊक आहे कुणाला?" न्हावी म्हणाला.

तेही खरंच होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून उस्तादांचं मूळ नाव झिजून गेलं होतं. त्यांच्यामुळे बायकोचंही गेलं. सगळी गल्ली तिला उस्तादीण म्हणे. तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रारीचा सगळा साठा तिने त्या गाडीसाठी राखून ठेवला होता.

गाडी डॉक्टरांची. चाळीसातली अठ्ठावीस वर्षं उस्तादांनी तीच चालवली. मग डॉक्टर गेले आणि गाडी त्यांच्या बंगल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाऊन बसली. आता डॉक्टरीणबाई घर विकून दूर मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या. भंगारवाला गाडी न्यायला आला, तेव्हा बाईंनी त्याला परत पाठवलं आणि उस्तादांना बोलावून किल्ली हातावर ठेवली.

"तू घेऊन जा. फक्त मी जायच्या आधी एकदा मला तिच्यात बसवून गावातून फिरवून आण. तेवढंच हवंय मला."

"फिरवतो, बाईसाहेब. शब्द दिला!" उस्ताद म्हणाले.

शब्द दिला तेव्हा गाडीच्या सीटमध्ये उंदरांच्या चार पिढ्या नांदत होत्या. पण उस्ताद जिद्दीला पेटले. साडेचार महिने त्यांना गाडीशिवाय काही सुचलं नाही. कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर आला. रेडिएटर न्हाणीघरात उभा राहिला, त्यामुळे घरातल्या माणसांना त्याच्याशी अंग चोरून आंघोळ करावी लागे. उस्तादीणबाईंनी एकदा कपाट उघडलं, तर साड्यांच्या घडीवर दोन पिस्टन नव्या जावयासारखे रुबाबात बसलेले!

"अहो, हे काय?"

"तिथे दमट हवा लागत नाही."

"मग मलाही कपाटातच ठेवा!"

बाई सोमवारी सकाळी जाणार होत्या. म्हणजे रविवार हा शेवटचा दिवस. आणि कौतुकाची गोष्ट अशी, की शनिवारी गाडी खरोखर उभी राहिली. रंग लागला, इंजिन पहिल्या हाकेला उठलं. वायरींचं काम मेहुण्याने केलं. उस्तादीणबाईंचा हा धाकटा भाऊ आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आला होता. त्याचं म्हणणं, "दाजी, रेडिओ काय अन् गाडी काय, वायर ती वायर. नीट चिठ्ठ्या लावल्यात, मी डोळे मिटून जोडतो." प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठ्या उस्तादीणबाईंच्या सुंदर अक्षरात होत्या. राहिला होता फक्त हँडब्रेक. त्याची तार मंगळवारी येणार होती.

"हँडब्रेक लागतो कुणाला?" उस्ताद म्हणाले. "ब्रेकवर पाय ठेवला की झालं!"

रविवारी सकाळी दहाला चाचणीची फेरी निघाली. उस्ताद स्टिअरिंगवर, शेजारी उस्तादीणबाई, मागे मेहुणा पाय पसरून. गल्ली बघत होती. न्हावी अर्धवट दाढीच्या गिऱ्हाइकासकट दारात आला. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी निघाली.

कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडत होते. उस्तादांनी अदबीने ब्रेकवर पाय ठेवला.

"पोंऽऽऽऽ!"

म्हातारे गृहस्थ वीतभर उंच उडाले. उस्ताद दचकले आणि दचकल्यावर ड्रायव्हर जे करतो तेच त्यांनी केलं. ब्रेक आणखी जोरात दाबला.

"पोंऽऽऽऽऽऽऽऽ!"

"वयाचा तरी मान ठेवा!" गृहस्थ काठी उगारून ओरडले.

"अहो, हॉर्न कशाला वाजवताय त्यांच्यावर?" उस्तादीणबाई.

"मी नाही वाजवत! तो वाजतोय!"

हॉर्न अडकला असेल, म्हणून उस्तादांनी हॉर्नचं बटण दोनदा दाबून पाहिलं. आवाज वाढला नाही, कमीही झाला नाही. मागून येणारा सायकलवाला मात्र गाडीचा लाल दिवा पेटलेला बघून शिस्तीत थांबला. मग दिवा विझला म्हणून निघाला. पुन्हा पेटला म्हणून पुन्हा थांबला. शेवटी खाली उतरून त्याने विचारलं, "काका, एकदा काय ते ठरवा!"

तेवढ्यात मेहुण्याच्या ध्यानात सगळा प्रकार आला. रेडिओवाल्याचं डोकं ते! तो हळूच सीटवरून घसरला आणि खाली पायांच्या जागेत जाऊन बसला.

परत फिरायचं, तर पुढच्या चौकातूनच वळावं लागत होतं. चौकाच्या अलीकडे उतार. चौकात वाहतुकीचा पोलीस. त्याने हात वर केला.

उस्तादांनी ब्रेक दाबला. "पोंऽऽऽऽऽऽ!"

पोलिसाने मान वळवली. पंधरा वर्षांच्या नोकरीत हात वर केल्यावर त्याच्यावर कुणी हॉर्न वाजवला नव्हता. तो सावकाश चालत आला.

"कुणाला हॉर्न वाजवताय?"

"हॉर्न नाही साहेब, ब्रेक आहे!" उस्ताद त्या आवाजावर आवाज चढवून ओरडले.

"काय?"

"ब्रेक! ब्रेक दाबतोय!"

"मग हे काय वाजतंय?"

"ब्रेक!"

"आधी आवाज बंद करा! मग बोला!"

कायदा पाळणाऱ्या माणसाने काय करावं? उस्तादांनी पाय उचलला. आवाज बंद झाला आणि गाडी उतारावरून पोलिसाच्या बुटांकडे निघाली.

"अरे, अंगावर घालतोस? थांबव! थांबव!"

"पोंऽऽऽऽ!"

"बंद कर तो आवाज!"

आवाज बंद. गाडी पुढे.

"थांबव म्हणतो ना!"

"पोंऽऽऽऽ!"

असं चार वेळा झालं. गाडी टिचभर टिचभर पुढे आणि पोलीस पावलापावलाने मागे, असे दोघे नाचात शिरल्यासारखे चौकाच्या मध्यापर्यंत आले. चारी बाजूंची वाहनं बघत उभी राहिली. शेवटी उस्तादीणबाई दार उघडून उतरल्या, रस्त्याकडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि चाकाखाली सारला. उस्तादांनी पाय उचलला. शांतता झाली. इतकी शांतता झाली, की मागच्या सीटखालून शिंक आली ती सगळ्यांना ऐकू आली.

"आत कोण लपलंय?" पोलिसाने खिडकीतून डोकं घातलं.

"इलेक्ट्रिशियन आहे," उस्तादीणबाई म्हणाल्या.

पोलिसाने एकदा मेहुण्याकडे बघितलं, एकदा त्या चकचकीत जुन्या गाडीकडे. चिडावं की हसावं हे त्याचं बराच वेळ ठरेना. अखेर म्हणाला, "ढकलत घरी न्या. दुरुस्त झाल्याशिवाय ही रस्त्यावर दिसली, तर गाडी ठाण्यात आणि तुम्हीही!"

मेहुण्याने बॉनेट उघडून हॉर्नच उपटून हातात घेतला आणि तिघांनी गाडी घरी ढकलत आणली. बारा वाजले होते.

अंगणातल्या शेडमध्ये आल्याबरोबर तिघेही एकदमच बोलायला लागले.

"चिठ्ठीवर जे होतं तेच मी जोडलं!" मेहुणा म्हणाला. "हे बघा. 'ब्रेकचा दिवा.' आणि ही वायर जाते हॉर्नकडे! माझा काय दोष?"

"मी हे सांगितलं जे, तेच तू लिहिलंस ना?" उस्तादांनी बायकोला विचारलं. रागात त्यांचे शब्द असे पुढेमागे होत.

"अक्षरन् अक्षर! तुम्ही आत उताणे पडला होतात. एक वायर बाहेर दिलीत, म्हणालात 'हॉर्न'. मी हॉर्न लावला. दुसरी दिलीत, म्हणालात, 'मागची! ब्रेकचा दिवा!'"

"बरोबर!"

"म्हणून मी मागच्या वायरीची हॉर्नची चिठ्ठी काढली आणि तिथे ब्रेकचा दिवा चिकटवला."

उस्तादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मागच्या वायरीची? अगं, मागची म्हणजे गाडीच्या मागच्या अंगाची!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, मागची म्हणजे आधीची. तुम्ही चुकलात आणि सुधारताय! म्हटलं, आज प्रथमच स्वतःची चूक कबूल करताहेत, कशाला टोका!"

"मग हॉर्नची चिठ्ठी?"

"वाया कशाला घालवू? हातातल्या वायरीला लावली."

"अगं, पण माझ्या बोलण्यावरून कळायला नको?"

"तुम्ही बोलत होतात तेव्हा गाडीबाहेर तुमचे फक्त पाय होते! पायांवरून माणसाचं म्हणणं कसं कळायचं?"

मेहुण्याला हसू आवरेना. "ताई, हे मागची मागची किती वेळा म्हणाले?"

"सात-आठ वेळा तरी. आणि मध्ये दूध उतू गेलं तेव्हा मी आत पळाले. परत आले तर तीन चिठ्ठ्या बाहीला चिकटलेल्या. त्या मग मी अंदाजाने लावल्या."

म्हणजे एकाही चिठ्ठीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. वायरी एकोणतीस. घड्याळात साडेबारा.

मेहुणा खाली बसला. "दाजी, ऐका माझं. बाईंना निरोप धाडा. गाडी बिघडली म्हणा. त्या समजूतदार आहेत. काही बोलणार नाहीत."

"काही बोलणार नाहीत, तेच नको आहे मला!" उस्ताद म्हणाले. "उद्या त्या गेल्या की परत यायच्या नाहीत. या वयात कुणी परत येत नाही. ऊठ!"

असं म्हणून त्यांनी एका दमात एकोणतीसही चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. मेहुणा कळवळला. पण आता परतीची वाटच उरली नाही म्हटल्यावर माणूस कामाला लागतो. मेहुण्याने एक छोटा दिवा गाडीच्या बॅटरीला जोडला. उस्ताद डॅशबोर्डखाली, उस्तादीणबाई हेडलाइटांपाशी, मेहुणा डिकीत. एकेक वायर धरायची, दिवा पेटला की ओरडायचं.

"पेटला! ही माग—"

"खबरदार!" आतून उस्तादांचे पाय गरजले. "तो शब्द पुन्हा काढायचा नाही! डिकीकडची म्हण!"

"डिकीकडची!"

"आणि ही रेडिएटरकडची!" उस्तादीणबाई ओरडल्या. "आणि जेवायचं काय?"

"चारनंतर!"

तीन वाजता मेहुण्याचा चष्मा डिकीच्या झाकणाखाली सापडून एका काचेचा झाला. साडेतीनला उस्तादांच्या पाठीत लचक भरली. ते आडवेच काम करत होते म्हणून त्यांनी तिची दखल घेतली नाही. पावणेचारला शेवटची वायर लागली. ब्रेक दाबला, मागे लाल दिवा. बटण दाबलं, तर अगदी बारीक, दमेकऱ्यासारखा "पुं". सकाळभर हॉर्न वाजवून आणि दुपारभर दिवा पेटवून बॅटरीने प्राण सोडला होता. स्टार्टर दाबला, तर त्याने नुसताच सुस्कारा टाकला.

आणि फाटकात डॉक्टरीणबाई उभ्या! फिकट निळी साडी, हातात छोटी पर्स, बरोबर चार.

"काय उस्ताद, तयार?"

"एकदम तयार, बाईसाहेब! बसा!" उस्तादांनी मागचं दार उघडलं. बाईंनी सीटवरून हात फिरवला आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या. उस्तादांनी बायकोकडे बघितलं. बायकोने भावाकडे. भाऊ न्हाव्याकडे धावला. न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक असे दोघे आले, उस्तादीणबाईंनी पदर खोचला, आणि चौघांनी मिळून गाडी ढकलली. वीस पावलांवर इंजिन धडधडलं. चौघेही तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

आणि मंडळी, काय चालली ती गाडी! इतकी मऊ उस्तादांनी आयुष्यात चालवली नव्हती. दवाखान्यावरून नेली, शाळेच्या मैदानाला वळसा घातला, पुलावर अगदी हळू केली. चौकात पोलिसाने हात वर केला. उस्तादांनी ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली. पोलीस मिनिटभर कान टवकारून उभा राहिला, मग त्याने सलामच ठोकला. मागे बाई गप्प होत्या. जुन्या आठवणी आल्या असतील, म्हणून उस्तादांनीही तोंड उघडलं नाही. आरशातसुद्धा पाहिलं नाही. माणसाला रडू आलं, तर ड्रायव्हरने बघू नये.

तासाभराने गाडी फाटकापाशी परत आली. इंजिन बंद करून उस्ताद उतरले आणि मागचं दार उघडलं.

कोपऱ्यात मान टेकून बाई गाढ झोपल्या होत्या.

दाराच्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले, पर्स सावरली आणि प्रसन्न हसून म्हणाल्या, "जरा डोळा लागला वाटतं. झालं का रे तुझं? चल, निघू या आता!"

उस्तादांनी तोंड उघडलं. मागून उस्तादीणबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी तोंड मिटलं.

मग दार हळूच लावून ते न्हाव्याच्या दुकानापाशी गेले. बाकावर न्हावी, गिऱ्हाईक आणि मेहुणा अजून धापाच टाकत होते.

"मंडळी," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले, "अजून एकदा ढकलायची आहे. आणि आपण आत्ताच जाऊन आलो, हे कुणी बोलायचं नाही."