रुमाल टाकलेली खुर्ची

जाझ हे मानवी स्वातंत्र्याचं सर्वोच्च संगीत आहे आणि संपूर्ण नाशिकरोड परिसरात त्याचा खरा जाणकार एकच आहे. तो आपल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहतो. हे वाक्य माझं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते वार्षिक संमेलनात माइकवरून उच्चारलं होतं. त्यातला दुसऱ्या मजल्याचा भाग खरा आहे, कारण मी त्या जाणकारांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो.

या जाणकारांचं नाव गांगुर्डे काका. दर शनिवारी सकाळी ते स्वतःच्या घरात बूट घालतात.

नुसते बूट नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पट्टा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि पॉलिश केलेले काळे बूट. एवढा जामानिमा करून ते बेडरूममधून निघतात आणि हॉलमध्ये पोहोचतात. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत मांडलेल्या असतात. पुढच्या रांगेत मधोमध काका बसतात. त्यांच्या डाव्या हाताला टेबलावर लॅपटॉप आणि स्पीकर. त्या लॅपटॉपवर अमेरिकेतल्या कुठल्याशा सार्वजनिक रेडिओ केंद्राची जाझची मैफल लागते. तिथे शुक्रवारची रात्र असते, लोक छोट्याशा सभागृहात बसून ऐकत असतात. तीच मैफल त्याच क्षणी त्यांच्या रेडिओवर आणि इंटरनेटवरून आमच्या दुसऱ्या मजल्यावर येते.

"थेट आहे, प्राध्यापक," काका मला पहिल्यांदा म्हणाले होते. मी कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला प्राध्यापकच म्हणतात. "समोर माणसं वाजवतायत. बनियनवर कसं बसायचं?"

"ती तुम्हाला बघत नाहीत."

"मी बघतोय ना मला."

यावर शांताकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लग्नात चपलेवर उभे होते. विचारा त्यांना."

मैफलीचे नियम कडक होते. वादन चालू असताना कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, आणि कुकर लावायचा नाही. बाळू दूधवाला दारात किटली घेऊन उभा राहायचा. तो भगूरकडच्या मळ्यातला, त्याला पुढे पन्नास घरं करायची असायची.

"काका, लय येळ झाला. दूध नासंल."

"सिग्नल नाही अजून," काका मान न वळवता म्हणायचे.

'सिग्नल नाही अजून' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. चहा पुढे केला तरी हेच, जिन्यात कुणी गप्पा मारायला थांबवलं तरी हेच. आम्हाला वाटायचं, वीज केंद्रातल्या नोकरीची सवय असावी. काका एकलहऱ्याच्या केंद्रात कोळसा विभागात होते. मालगाड्या भरून कोळसा यायचा, तो उतरवून घ्यायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता सगळ्या जगाने आपल्यासाठी यार्डात थांबावं अशी त्यांची अपेक्षा असेल, असं मी धरून चाललो होतो.

वर्षातून दोनदा अमेरिका आपली घड्याळं पुढेमागे करते. हे नाशिकमध्ये कुणाला कळायचं काही कारण नाही, पण आमच्या बाळूला कळायचं. थंडीच्या तोंडाशी काका त्याला जिन्यात गाठून सांगायचे, "बाळू, अमेरिकेने घड्याळ मागे घेतलं. शनिवारी दूध तासभर उशिरा आण." बाळूने हे आपल्या बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, की अमेरिकेला आपल्या म्हशीचं काय पडलंय.

ते रेडिओ केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. अधूनमधून वादन थांबवून निवेदक अतिशय अदबीने वर्गणी मागतो. काकांना हे फार पसंत होतं. "बघा, मागतोय, पण मांडव घालून रस्ता अडवला नाही," ते म्हणायचे. आमच्या मंडळाच्या पोरांनी हे ऐकून पुढच्या वर्षी त्यांच्याकडे अदबीने वर्गणी मागितली. काकांनी त्यांना अदबीने नाही म्हटलं.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे ते संमेलन. सेक्रेटरींना मोठ्या शब्दांची आवड. त्यांनी काकांना शाल दिली, नारळ दिला आणि 'जाझ आणि आपण' या विषयावर बोलायला उभं केलं. काकांनी माइक आपल्या उंचीला आणला. मग म्हणाले, "जाझमध्ये प्रत्येक जण आपापलं वाजवतो आणि शेवटी सगळे एकत्र येतात. आपल्या सोसायटीत पहिला भाग चांगला जमलाय." आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात. सेक्रेटरींनी समारोपात याला चिंतन म्हटलं. पाण्याच्या टाकीवरून भांडणारी दोन्ही कुटुंबं सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मला मात्र संशय होता. बूट, खुर्च्यांच्या रांगा, दारात ताटकळणारा दूधवाला, या सगळ्यात मला थोडा दिखावा दिसायचा. एकदा-दोनदा मी स्वतः जाऊन मागच्या रांगेत बसलो. गांगुर्डे काका ताठ बसले होते. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. थंडीचे दिवस, नाशिकची थंडी, त्यात काही विशेष नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर, एसटीत खिडकीतून जागा धरायला टाकतात तसा, चौकड्यांचा रुमाल टाकलेला होता. स्वतःच्याच घरात, सगळ्या खुर्च्या रिकाम्या असताना, रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"इथे कोण येणार आहे?" मी विचारलं.

"आलेत," काका म्हणाले.

अशा उत्तरांमुळे माणूस जाणकार वाटू लागतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अमेरिकेतले लोक मधेच टाळ्या वाजवायचे. एकाचं वाजवून झालं की टाळ्या, दुसऱ्याचं झालं की टाळ्या. काका लगेच वाजवायचे नाहीत. हात छातीपाशी धरून उजवीकडे बघत थांबायचे. मग एक बारीक शिट्टी ऐकू यायची. जाझमध्ये काय काय वाजवतात याचा मला भरवसा नव्हता, म्हणून ती मी कार्यक्रमातलीच धरली. शिट्टी झाली की काका कडकडून टाळ्या वाजवायचे. तोवर अमेरिकेतले लोक गप्प झालेले असायचे. इंटरनेट मागे पडत असेल, अशी मी समजूत करून घेतली.

"तुम्हीही वाजवा," ते मला म्हणाले. "एकट्याने वाजवल्या तर डास मारल्यासारखं वाटतं."

मी वाजवल्या. मग दारातून बाळूनेही वाजवल्या आणि दूध घातलं.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी आमच्या गल्लीतली वीज गेली. वीज गेली की काका एरवी गॅलरीत येतात आणि एकलहऱ्याच्या धुराड्यांकडे, नापास झालेल्या मुलाकडे बाप बघतो तसं बघत उभे राहतात. त्या दिवशी ते गॅलरीत आले नाहीत. माझ्या दारात आले. शर्ट, पट्टा, बूट, सगळं जागेवर. चेहरा तेवढा जागेवर नव्हता.

"प्राध्यापक, तुमचा मोबाइल द्या. नेट आहे ना त्यात?"

"आहे. लॅपटॉपचं काय झालं?"

"त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली. वायरवर चालतो."

"आणि तुमचा मोबाइल?"

"तो बसलाय," काका म्हणाले आणि वळले.

मी त्यांच्यामागून गेलो. हॉलमध्ये अर्धवट उजेड होता. मी जवळची खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात काकांनी माझं कोपर पकडलं.

"तिथे नको. माणूस आहे."

त्या ओढाताणीत रुमाल घसरला. खुर्चीवर त्यांचा मोबाइल होता. त्यावर फोन चालू होता. नाव दिसत होतं: अहिरे गार्ड, मनमाड.

काकांनी खाली वाकून मोबाइलला सांगितलं, "गार्डसाहेब, लाइट गेलीय. गाडी आउटर सिग्नलला उभी आहे. मिनिटभर थांबा, सोडतो." पलीकडून काहीच आवाज आला नाही. काकांनी रुमाल पुन्हा नीट घातला, पण या वेळी मोबाइलच्या खाली.

मी मैफल लावेपर्यंत हे काय चाललंय ते शांताकाकूंनी मला हळू आवाजात सांगितलं. अहिरे मालगाडीचे गार्ड. कोळशाची गाडी घेऊन एकलहऱ्याला यायचे. गाडी रिकामी होईपर्यंत त्यांना काही काम नसायचं. मग कोळसा विभागाच्या टपरीत दोघे चहा पीत बसायचे. मनमाडला रेल्वेच्या वसाहतीत पूर्वी नाताळात बँड यायचा, तिथून अहिरेंना या संगीताचं वेड लागलेलं. खिशात छोटा रेडिओ. खरखरीतून काही सापडलं की वॅगनच्या पत्र्यावर बोटांनी ताल धरायचे आणि काकांना समजावून सांगायचे.

"तीन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिस झाला," काकू म्हणाल्या. "वाचा गेली. उजवी बाजू गेली. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मुलाशी नाही, सुनेशी नाही, कुणाकडे बघत नाहीत. सून बिचारी शिक्षिका, शनिवारी सकाळची शाळा. जाताना साध्या मोबाइलवरून यांना फोन लावते आणि तो त्यांच्या उशीशी ठेवून जाते. आठवड्यातून हे एवढंच. एक हात चालतो, त्यात त्यांची गार्डची शिट्टी देऊन ठेवलीय. आवडलं की वाजवतात."

"रेकॉर्डिंग ऐकवता येईल की, दुपारी, निवांत."

"मीही तेच म्हटलं. तर हे म्हणाले, रेकॉर्डिंग पेशंटला ऐकवतात. गार्डसाहेब मैफलीला आलेत."

माझा मोबाइल लागला, पण आवाज अगदीच पिचका. काकूंनी आतून पितळी पातेलं आणलं. "यात खीर करते मी," एवढं बोलून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. मोबाइल त्यात उभा केला, तसा आवाज घुमला. टेबल काकांनी गार्डसाहेबांच्या खुर्चीकडे थोडं सरकवलं, पण आपल्या डाव्या हातालाच ठेवलं. मैफल अर्धी होऊन गेली होती. सॅक्सोफोन चालू होता, पातेल्यातून तो थोडा सनईसारखा वाटत होता.

सॅक्सोफोन थांबला. अमेरिकेत टाळ्या झाल्या. काकांनी हात छातीशी धरले आणि उजवीकडे बघितलं.

शिट्टी आली नाही.

मी टाळ्या वाजवायला गेलो. काकांनी माझं मनगट धरलं. "सिग्नल नाही."

पियानो झाला. टाळ्या झाल्या. काकांचे हात तसेच. दारात बाळू किटली घेऊन आला, काहीतरी बोलणार होता, काकूंनी मान हलवली तसा तो चौकटीला टेकून उभा राहिला. ड्रम झाले. टाळ्या झाल्या.

"झोपले असतील," मी म्हणालो.

"ड्यूटीवर झोपत नाहीत ते," काका म्हणाले. मग खुर्चीकडे झुकून, एखाद्या साहेबाला विनंती करावी तसं म्हणाले, "गार्डसाहेब, उशीर माझ्यामुळे झाला. स्टाफची चूक. गाडीवर राग नको."

पुढचं वादन सुरू झालं. संथ होतं. नुसता तो मोठा, उभा धरायचा व्हायोलिनसारखा प्रकार आणि त्याच्यामागे ब्रशने घासल्यासारखे ड्रम. आम्ही चौघे पातेल्याकडे बघत होतो. मला त्या वादनातलं काही कळलं नाही, पण ते संपू नये असं मनापासून वाटत होतं, कारण ते संपल्यावर काय होणार याची खात्री नव्हती.

ते संपलं. अमेरिका टाळ्या वाजवू लागली, वाजवून थांबली. निवेदक काहीतरी बोलू लागला.

आणि मनमाडहून शिट्टी आली. शिट्टी कमी, वारा जास्त. पण लांब.

काकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या, काकूंनी ओल्या हातांनी वाजवल्या, बाळूने किटली खाली ठेवून वाजवल्या. निवेदकाचं काय चाललं होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही. टाळ्या थांबल्यावर पलीकडून आणखी एक शिट्टी आली, आखूड. काका हसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पुरे म्हणतात. एवढं काही चांगलं नव्हतं."

मैफल संपली. काकांनी खुर्चीकडे वाकून पुढच्या शनिवारची वेळ सांगितली, फोन बंद केला, रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग बूट सोडायला बसले. बाळूने तोवर दूध घातलं होतं आणि ते नासलं नव्हतं.

मी पातेल्यातून मोबाइल काढला. इतक्या दिवसांचा प्रश्न अखेर विचारलाच.

"काका, यातलं सगळ्यात काय आवडतं तुम्हाला?"

"कशातलं?"

"जाझमधलं."

काकांनी बुटाची नाडी सोडली. "वॅगनमधून कोळसा पडताना असाच आवाज यायचा," ते म्हणाले. "पण तेव्हा त्याचा पगार मिळायचा."

मग त्यांनी डाव्या कानातला कापसाचा बोळा काढून खिडकीत ठेवला. खुर्चीच्या बाजूचा कान मोकळाच होता. कापूस स्पीकरच्या बाजूच्या कानात होता. काकू म्हणाल्या, उन्हाळ्यातही असतो.